वई कोणाची?

सावेडीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की मनमाडकडे जाणारा रस्ता दिसतो. दिवाळी सरली, सकाळी पायाला फरशी गार लागायला लागली, की त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर धावू लागतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस घराच्या उंचीएवढा रचलेला, आणि वर कर्कश गाणी. मी दूध आणायला जातो आणि तिथंच उभा राहतो. दूधवाला ओरडतो, "काका, मागं सरा, धक्का लागंल." मी मागे सरतो, पण निघत नाही. ट्रॉली गेल्यावर एक हिरवट, ओलसर वास मागे राहतो. तो वाढ्याचा वास. वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा पाला. गुरं त्यासाठी जीव टाकतात. माणूसही टाकू शकतो, हे मला या वयात कळलं.

सरू असती तर म्हणाली असती, "दूध तापवायचं हाय का रस्त्यावरच नासवायचं हाय?" पन्नास वर्षं शहरात राहूनही तिचं 'हाय' काही 'आहे' झालं नाही. सुरुवातीला मी तिला सुधारायचो. नंतर नंतर दुसऱ्या कोणाच्या तोंडचं 'आहे'च मला कोरडं वाटायला लागलं. तिला जाऊन आता दोन हिवाळे झाले.

एकाहत्तरच्या वैशाखात आमचं लग्न झालं आणि त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर आम्ही देवळाली प्रवरेला बिऱ्हाड थाटलं. जवळच्या साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर कारकून होतो. उसाची बैलगाडी काट्यावर चढायची, मी खिडकीतून गाडीचा नंबर विचारायचो, पावती फाडून द्यायचो. सरू पाथर्डीकडची, कोरडवाहू मुलखातली. पाणी बघून ती वेडी व्हायची. पाटाला पाणी सुटलं की ती हातातलं काम टाकून नुसतं बघायला जायची. "कुनीबी न शेंदता पानी चाललंय," असं मला संध्याकाळी सांगायची, जसं काही मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

तो हिवाळा मला आजही आठवतो. पहाटे दवानं ओलं झालेलं पत्र्याचं छप्पर टपटपायचं. कारखान्याचा भोंगा व्हायचा. मळीचा आंबूस वास गावावर घोंगडीसारखा पसरलेला असायचा. नवख्या माणसाला तो सोसवत नसे, आणि महिनाभरात तो वास येईनासा झाला की समजायचं, आपण इथले झालो. रस्त्यावर बैलांच्या गळ्यातल्या घंटा. चहाच्या टपरीवर रेडिओभोवती लढाईच्या बातम्या ऐकायला जमलेली माणसं. आणि आमच्या घरामागच्या पडीत रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या: पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या, वाकून आत शिरायच्या, पन्नास-साठ तरी. त्यांतल्या धुरानं संध्याकाळ लवकर व्हायची.

घर दोन खोल्यांचं, मागे परसू. मालक गुलाबराव श्रीरामपुरात कापडाचं दुकान चालवत. त्यांच्या आईचं हे घर, ती वारल्यावर भाड्यानं दिलेलं. परसाच्या पलीकडे मार्थाबाई राहायच्या. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं सुईणीचं काम करून निवृत्त झालेल्या, एकट्या. चार शेळ्या पाळायच्या. रविवारी पांढरं लुगडं नेसून चर्चला जायच्या आणि उरलेले सहा दिवस शेळ्यांवर ओरडायच्या. त्यांचं आणि आमचं परसू यांच्या मध्ये एक वई होती. बाभळीचे डांब रोवून त्यांत बोरीचे काटे गुंतवलेलं कुंपण, त्याला आमच्याकडे वई म्हणतात. ती पावसाळ्यात कलली होती, आणि कोणी तिला हात लावत नव्हतं.

का लावत नव्हतं, ते मला हळूहळू कळलं. गुलाबरावांचं म्हणणं, शेळ्या तिच्या, वई मोडतात त्या, तेव्हा दुरुस्ती तिनं करावी. मार्थाबाई म्हणायच्या, "वई घातली कोणी? गुलाबनं. त्याची आई होती तोवर इथं एक काडी आडवी नव्हती. ती गेली आणि महिन्याच्या आत यानं काटे आणून टाकले. मला विचारलं? ज्यानं घातली त्यानं सांभाळावी." हे त्या परसात उभ्या राहून, श्रीरामपूरपर्यंत जावं अशा आवाजात सांगायच्या.

भाडेकरूचं एक बरं असतं. जमीन त्याची नसते, म्हणून हद्द त्याची नसते, म्हणून भांडणही त्याचं नसतं. असं मला तेव्हा वाटायचं. पण शेळ्या सरूची मेथी खाऊन गेल्या आणि मी मध्ये पडलो. मी शिकलेला माणूस, त्यामुळे पत्र लिहिलं. 'सा. न. वि. वि., आपल्या मालकीच्या घराची मागील वई मोडकळीस आली असून...' आठ दिवसांनी गुलाबरावांचं कार्ड आलं. 'सदर वई शेजारील बाईंची असून तिच्याशी आमचा काडीमात्र संबंध नाही. बाईंस समज द्यावी.' मी मार्थाबाईंना समज द्यायला गेलो. त्यांनी मला गवती चहाचा कप दिला आणि समजही दिली. असं दोन-तीनदा झालं. सरू हे सगळं चुलीपुढून ऐकायची. एकदा म्हणाली, "कागदानं कुटं वई हुभी ऱ्हाती का?"

ती स्वतः काटे गुंतवायला निघाली होती. त्यांच्या गावात बायाच वई घालतात. मी तिला थांबवलं. कारखान्यातल्या कारकुनाची बायको परसात काटे ओढताना लोकांना दिसावी, हे मला नको होतं. तसं मी बोललोही. ती आत गेली.

त्यानंतर पौषाच्या थंडीत एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. वईतले डांब नाहीसे होऊ लागले. आज एक, चार दिवसांनी आणखी एक. काटे तिथंच जमिनीवर पडलेले, आणि डांबाच्या जागी भोक. सहा डांब गेले. शेळ्यांनी काटे मोडणं समजू शकतं, पण डांब काही शेळ्या खात नाहीत. मला मार्थाबाईंचा संशय आला. वईच राहिली नाही की वाद मिटला, असा त्यांचा हिशेब असेल. मी हे सरूला बोललो. ती भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला. "म्हाताऱ्या मानसावर आळ घिऊ नका," एवढंच म्हणाली.

मी घेतला. गुलाबरावांना तसंच लिहून टाकलं.

ते एका रविवारी सकाळच्या एसटीनं आले. पांढरी टोपी, हातात छत्री, उन्हाळा-पावसाळा नसतानाही. मार्थाबाई नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या, अजून पांढऱ्या लुगड्यातच होत्या. गुलाबरावांनी भोकं मोजली आणि चढ्या आवाजात सुरू केलं. "मार्थाबाई, माझे सहा डांब कुठं गेले? दोन दिवसांत आणून रोवले नाहीत तर ग्रामपंचायतीत अर्ज देतो. या शेळ्या तर मी इथून हलवीनच."

नेहमी आभाळाला भिडणारा मार्थाबाईंचा आवाज त्या दिवशी निघालाच नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, चोरी पकडली गेली. शेळ्या म्हणजे त्यांचं दूध, चहा, सकाळी उठायचं कारण. त्या जाणार हे दिसत असतानाही बाई गप्प.

तेवढ्यात मागून सरू आली. डोक्यावरचा पदर नीट करत ती आम्हा सगळ्यांच्या मधून पुढे गेली आणि भोकांजवळ उभी राहिली.

"त्यांनी न्हाई नेलं. म्या काढलं."

गुलाबराव तिच्याकडे बघतच राहिले. मीही.

"माजी थोरली भन हाय तिकडं, कोपीत," सरूनं पडीत रानाकडे हात केला. "ऊसतोडीला आलीय. बाळतीन झाली. पाचट भुर्रकन जळून जातं, शेकाय इंगळ ऱ्हात न्हाई. बाभळीचा इंगळ रातभर टिकतो. थंडी लई हुती, मामा. पोर काळंनिळं पडाय लागलं हुतं. म्हनून काढलं."

मला आठवतं, माझे कान तापले होते, आणि ते डांबांसाठी नव्हते तापले. बायकोची बहीण कोपीत राहते, कोयता घेऊन ऊस तोडते, हे आता घरमालकासमोर, शेजारणीसमोर उघडं पडलं होतं. लाज वाटली ती त्याची. आज ते लिहिताना जी वाटते ती वेगळी.

गुलाबराव सावरले. "म्हणजे भाडेकरूनंच माझे डांब जाळले. मालकाला न विचारता! घर खाली करा. पुढच्या महिन्यात..."

"तुझे डांब?" मार्थाबाईंना आता आवाज सापडला. "अरे गुलाब, तुझे कसे? वई माझी ना? इतकी वर्षं तूच सांगतोस ना, दुरुस्ती मी करायची कारण वई माझी? मग डांब माझे झाले. मी दिले पोरीला. माझ्या डोळ्यांदेखत उपटले तिनं, मी इथूनच बघत होते. आणि ते पोर जन्माला घालायला कोण गेलं होतं, माहीत आहे?" त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"वई तुमची असं मी कधी म्हणालो?" गुलाबराव म्हणाले.

तेव्हा मी आत गेलो. का गेलो, ते नीट सांगता येणार नाही. घर जाणार ही भीती होती, खोटं नाही. पण सरू भोकांपाशी एकटी उभी होती, आणि तिच्या बाजूला परकी म्हातारी उभी राहिली होती, मी नाही. फळीवरच्या डब्यातून ते कार्ड काढलं, बाहेर आलो आणि मोठ्यानं वाचलं. "सदर वई शेजारील बाईंची असून तिच्याशी आमचा काडीमात्र संबंध नाही." मग कार्ड गुलाबरावांच्या हातात दिलं.

त्यांनी स्वतःचं अक्षर जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं. दुकानदार माणूस. लिहून दिलेल्याची किंमत त्याला कळते. छत्री भिंतीला टेकवून ते पायरीवर बसले आणि टोपी काढून डोकं खाजवू लागले.

"चहा घेतोस का?" मार्थाबाईंनी विचारलं.

"गुळाचा असेल तर," ते म्हणाले. थोड्या वेळानं हलक्या आवाजात, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी," सरू म्हणाली.

चहा पिता पिता ठरलं. डांब मालकानं पाठवायचे, बोरीचे काटे मार्थाबाईंनी द्यायचे, मेहनत भाडेकरूची. दर माघात वई अशीच नीट करायची. तीन वर्षांनी माझी बदली होईपर्यंत एकाही वर्षी त्यावरून कोणाचा आवाज चढला नाही. मार्थाबाई इतर कारणांसाठी ओरडायच्या, ते वेगळं.

त्या दुपारी सरूनं मला कोपीवर नेलं. आत उभं राहता येत नव्हतं. गोधडीवर आक्का, सरूची थोरली बहीण, कुशीत एवढंसं गाठोडं. फुटक्या घमेल्यात निखारे होते, लालभडक, स्थिर. आपल्या वईतले, हे मी ओळखलं. दाराशी इठोबा बसला होता, आक्काचा नवरा. नात्यानं माझा साडू. तो घाईनं उठला. "या, साहेब," म्हणाला.

इथं एक खरं सांगायला हवं. इठोबाला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. हंगाम सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी तो काट्यावर माझ्या खिडकीशी आला होता. लग्नात त्यानं माझ्या शेजारी बसून जेवण केलं होतं, मला घास भरवला होता. मी ओळखलं. आणि मान खाली घालून पावतीबुकात बघत विचारलं, "नाव?" मागे गाड्यांची रांग होती, बाजूच्या टेबलावर दुसरे कारकून होते. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "नाव ऱ्हाऊ द्या, साहेब. गाडी नंबर लिवा, एकशेचाळीस." त्यानंतर तो रोज आला, रोज नंबर सांगितला, नाव कधीच नाही. मी रोज पावती फाडून दिली, वर न बघता. सरूला मी हे सांगितलं नाही. ती बहिणीचं मला सांगत नव्हती, आणि मी साडूचं तिला सांगत नव्हतो. एका चुलीवरचं खाऊन आम्ही दोघं असे राहत होतो.

कोपीत आक्कांनी पदराआडून विचारलं, "पाव्हनं, च्या घ्याल का?" 'घरी चला, बाळंतपण घरी करू' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. दोन खोल्या होत्या. सरू माझ्याकडे बघत होती. ते शब्द ओठांवरच राहिले. मी चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात श्रीरामपूरहून बैलगाडीत डांब आले, ठरल्यापेक्षा चार जास्तच. रविवारी सकाळी मी शर्ट काढून ठेवला, धोतर खोचलं आणि पहार घेतली. लोकांना दिसलो तर दिसलो. पहिला खड्डा मी खणला. वाकडातिकडा झाला. दुसऱ्याच्या वेळी मागून कोणीतरी पहार हातातून घेतली. इठोबा होता, तोडीला सुट्टी पडली म्हणून आलेला. "आसं नगं, साहेब. सरळ मारा, दगूड बाजूला ऱ्हातो." सरू आणि मार्थाबाई काटे गुंतवत होत्या. सरू काट्यांच्या फांद्या अशा फिरवायची की एक काटा हाताला लागू नये. मला तिच्या हाताकडे बघत राहावंसं वाटायचं. याच हाताची मला लाज वाटली होती.

दुपारी पाणी पिताना मी इठोबाला म्हणालो, "साहेब नका म्हणू. साडू म्हणा."

त्यानं तोंड पुसलं, विचार केला. "काट्यावर न्हाई म्हननार," म्हणाला. "हितं म्हनतो."

चैत्राच्या आधी गाळप संपलं. कोप्या मोडल्या, पडीत रान एका दिवसात मोकळं झालं, नुसत्या चुलींच्या काळ्या दगडांचं. गाड्या पूर्वेकडे निघाल्या तेव्हा मी रजा काढून रस्त्यावर उभा राहिलो. पोर गोधडीत अंगभर गुंडाळलेलं, सरूनं त्याला काजळाची तीट लावली. मी म्हणालो, "पुढच्या हंगामात आमच्याकडे उतरा." इठोबा हसला. पण त्या वर्षी पाऊसच पडला नाही. ऊस शेतात वाळला, गाळप नावापुरतं झालं, आमच्या घरामागे एकही कोपी उभी राहिली नाही. ती दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती, असं नंतर कळलं. ती मुलगी जगली. आता तिला नातवंडं आहेत.

उसाची ट्रॉली जाते तेव्हा मला हे सगळं असं क्रमानं आठवत नाही. निखारा आठवतो, मग पहारीचा आवाज, मग सरूच्या मनगटावरची हिरवी काकणं. तो एकच हंगाम होता. नंतर चांगली नोकरी, सावेडीत घर, त्याला विटांचं पक्कं कुंपण, सगळं झालं. पण आमचा संसार खरा सुरू झाला तो त्या थंडीत, आणि तो हंगाम सरूबरोबर पुन्हा एकदा बसून आठवावा असं वाटतं तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी असते. काट्यावरच्या त्या तिसऱ्या दिवसाचं तिला सांगायचं मी पन्नास वर्षं ठरवत राहिलो. सांगितलं नाही. मग ती गेली.

तिच्या दहाव्याला आक्का आल्या. इठोबा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. आक्का ऐंशीच्या पुढे, पाठीत वाकलेल्या. सगळे जेवून पांगले, त्या ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं: तिसरा दिवस, खिडकी, पावतीबुक. "मी ओळखलं होतं इठोबांना. सरूला कधी बोललो नाही."

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "तिला म्हाईत हुतं की."

"कोणी सांगितलं?"

"ह्यांनी. त्याच सांजला कोपीत यिऊन म्हनले, सरूचा नवरा काट्यावर हाय, पर कामात हुता, वळखलं न्हाई. सरू तितंच बसली हुती. ती म्हनली, मान खाली घातली हुती का? ह्ये म्हनले, व्हय. तवा सरू म्हनली, मंग वळखलं."

म्हणजे परसात त्या रविवारी भोकांपाशी उभी राहिली तेव्हाही तिला हे ठाऊक होतं. आणि नंतरची सगळी वर्षं, प्रत्येक भांडणात, प्रत्येक रुसव्यात, तिच्या हाताशी हे होतं. एकदाही तिनं ते माझ्यावर काढलं नाही.

"का नाही बोलली ती मला?" मी विचारलं.

"काय बोलायचं?" आक्का म्हणाल्या. "तुमी खड्डा खांदाय आलाच की."

अंगणात ऊन उतरत होतं. आक्कांनी पिशवी जवळ ओढली, एसटीची वेळ विचारली. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणालो, "आक्का, घरात चला. राहा आता."

त्या माघ संपेपर्यंत राहिल्या.